रुसायची जागा

बातमी आली तेव्हा माझा एक बूट काढून झाला होता आणि दुसरा पायातच होता. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या धरणाकडून सकाळचं फिरून आलो, ओसरीतल्या ओट्यावर टेकलो आणि एका हातानं नाडी सोडता सोडता सवयीनं दुसऱ्या हातानं मोबाईल उघडला. कॉलेजच्या बॅचचा ग्रुप. एरवी त्यावर गुड मॉर्निंगची फुलं आणि गुडघेदुखीवरचे उपाय येतात. त्या फुलांमध्ये दिगूचा फोटो होता आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मला वाटलं, वाढदिवस आहे. खरंच वाटलं. च्यायला, याचा वाढदिवस मी विसरलो की काय, असं मनात आलं, आणि विसरलो तर विसरलो, मी कुठं बोलतो त्याच्याशी, इथपर्यंत माझा विचार पोचला. मग चष्मा वर करून फोटोखालचा मजकूर वाचला... दुसरा बूट मी किती वेळानं काढला ते मला आठवत नाही.

दिगू म्हणजे दिगंबर. माझा कॉलेजपासूनचा मित्र, लातूरचा इंटिरियर डिझायनर. तो स्वतःला तसं म्हणवून घेत नसे. कुणी विचारलं तर सांगायचा, "मी आतलं काम करतो." आम्ही वीस महिने बोललो नव्हतो. भांडण झालं होतं असं म्हणता येणार नाही, कारण भांडण केव्हा ना केव्हा मिटतं. मी रुसलो होतो. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला, बीपीची गोळी खाणारा, नातीचा आजोबा असलेला मी मिलिंद, लहान पोरासारखा तोंड फुगवून बसलो होतो. त्यानं यावं, समजूत काढावी, मगच मी बोलणार होतो.

मी लातूरला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. घरात नातेवाईक भिंतीला टेकून बसले होते. दिगूच्या बायकोनं, सुलभावहिनींनी, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "आलात होय, भावजी?" त्यात राग नव्हता. नंतर त्यांच्याकडूनच कळलं, की वर्षभर त्याच्या किडन्या काम करत नव्हत्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. "तुम्हाला कळवते म्हणलं, तर नको म्हणायचे. म्हणायचे, आजारी म्हणून आला तर ते येणं कसलं?" मी मान खाली घालून चहा प्यालो. परतीच्या एसटीत तीन तास खिडकीबाहेर बघत होतो आणि सारखं एकच मनात येत होतं, की इतकाच तर रस्ता होता.

दिगू लातूरजवळच्या मुरुडचा, मी मुखेडचा. विष्णुपुरीच्या हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत पडलो. मी मन लावून पूल आणि कालवे शिकत होतो, आणि हा गृहस्थ वर्गातल्या बाकावर सकाळचं ऊन किती वाजता येतं आणि कधी जातं, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवत होता. त्यानं डिग्री घेतली खरी, पण पूल कधी बांधला नाही. पहिल्यांदा त्याच्या घरी मुरुडला गेलो तेव्हा जेवण झाल्यावर त्यानं मला मोठ्या अभिमानानं एक गोष्ट दाखवली. मला वाटलं, बक्षिसाचा कप वगैरे असेल. ती होती धान्याची कणगी. बांबूच्या कामट्यांची, वरून शेणमातीनं लिंपलेली, माणसाच्या छातीइतकी उंच. तिच्यामागं, भिंतीच्या कोपऱ्यात, एक मूल मावेल एवढी सांद होती. "ही माझी रुसायची जागा," तो म्हणाला. लहानपणी काही बिनसलं की तो तिथं जाऊन बसायचा. आई काही विचारायची नाही, हाका मारायची नाही. ती चुलीवर शेंगा भाजायची, सुपात ओतायची, सूप कणगीच्या कडेला ठेवायची आणि जरा वेळानं स्वतःच तिथं टेकून शेंगा फोडायला लागायची. "दोघांनी मिळून शेंगा संपल्या की आपला राग कुठं गेला ते कळायचंच नाही रं," दिगू म्हणाला. मी हसलो होतो. आमच्या घरी रुसायची सोय नव्हती. वडील मास्तर होते, रुसलं की पाढे म्हणायला लावायचे.

पुढं भूकंप झाला. मुरुडच्या त्या घराला भेगा गेल्या, मातीचं जड छत, माळवद, उतरवावं लागलं आणि त्या गडबडीत कणगी मोडली. त्यानंतर कितीतरी वर्षं लातूर भागात घरात माती म्हटलं की माणसं दचकायची, आणि त्यांचं बरोबरच होतं. मातीनं काय केलं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. अशा गावात दिगूनं माती, बांबू आणि घोंगड्या घेऊन आतलं काम सुरू केलं. मी त्याला वेड्यात काढलं. तो वाद घालायचा नाही. भिंत विटेचीच ठेवायचा, स्लॅब सिमेंटचाच, आणि तोही मला नांदेडहून बोलावून तपासून घ्यायचा. माती फक्त हात लागेल तिथं, बोटभर जाड. गाळलेल्या पांढऱ्या मातीत भुस्सा आठवडाभर कुजवून केलेला गारा, आणि लिंपणारीच्या बोटांचे वळसे तसेच राहू द्यायचे, ते कुणी गुळगुळीत केले की हा चिडायचा. डोक्यावर मात्र काही म्हणजे काही जड नाही. पलंगाच्या वर त्यानं आयुष्यात कधी साधं फडताळ काढलं नाही. छताला पीओपीची नक्षी मागायला येणाऱ्यांना तो विचारायचा, "उताणं पडून किती येळ बघणार हायत तुम्ही?" निम्मी गिऱ्हाईकं तिथंच उठून जायची. उरलेली त्याची जन्माची माणसं झाली.

घर बघायला तो एप्रिलच्या दुपारी दोन वाजता जायचा. "सकाळी समदीच घरं चांगली असत्यात," म्हणायचा. टेप काढायचा नाही, फोटो काढायचा नाही, तास दोन तास नुसता बसायचा. कुठल्या भिंतीशी मांजर झोपतं, दमून आलेला माणूस हात कुठं टेकतो, ते बघायचा. आणि निघताना, चपला घालता घालता, त्याचा तो प्रश्न विचारायचा, "या घरात रुसतंय कोण?"

एकदा एका डॉक्टरांच्या घरी मी त्याच्याबरोबर होतो. डॉक्टर हसून म्हणाले, छे, आमच्याकडं कुणी रुसत नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मी रुसते की. बाथरूममध्ये जाऊन. दुसरीकडं आतून कडी कुठं हाय?" डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दिगूनं त्या बाईंसाठी स्वयंपाकघराच्या पलीकडं, लिंबाच्या झाडाकडं तोंड करून, एक बैठक केली. तीन बाजूंनी मातीची भिंत, समोर बांबूची विरळ तट्टी. कडी मात्र नाही. मी विचारलं तर म्हणाला, "कडी लावली की ते भांडण झालं. रुसलेल्या माणसाला सापडायचं असतंय." तिथं बसल्यावर चहा उकळल्याचा वास यायला हवा, म्हणजे आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी करतंय हे कळतं. आणि बैठक एका माणसापुरती कधीच नाही. "अर्धी रुसणाऱ्याची, अर्धी समजूत काढणाऱ्याची." त्यावर तो धनगरी घोंगडीच घालायचा. टोचते म्हणून मी तक्रार केली, तर म्हणाला, "टोचलीच पायजे. मऊ असली तर उठणार कोण?" पुढं त्या भागात हे इतकं झालं, की त्याच्या गिऱ्हाइकांच्या घरी पाहुणे आले की आधी देवघर नाही, रुसायची जागा दाखवायचे.

माझी बायको संगीता गेल्यावर मी गावातला फ्लॅट विकला आणि विष्णुपुरीकडं छोटा प्लॉट घेतला. दोन खोल्या आणि ओसरी. लेक पुण्याला. एकट्या माणसाला आणखी काय लागतं? आतलं काम दिगूच करणार, हे सांगायची गरजच नव्हती. तो आला, रिकाम्या प्लॉटवर खुर्ची टाकून दिवसभर बसला. घरातल्या बुद्धमूर्तीवर सकाळचं कोवळं ऊन पडावं म्हणून पूर्वेच्या भिंतीत कोनाडा कुठं घ्यायचा, हे त्यानं दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा येऊन ठरवलं. पंधरा दिवसांनी नकाशा घेऊन आला. मी तो चार वेळा उलटसुलट केला. स्वयंपाकघर, कोनाडा, पुस्तकांची भिंत, ओसरीत 'चपलांचा ओटा'. मी हसत विचारलं, "माझी रुसायची जागा कुठाय रे?"

तो पेन्सिल तासत होता. वर न बघता म्हणाला, "तुला काय करायची? रुसायला समोर माणूस लागतंय, मिल्या."

संगीताला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. भाड्याच्या घरात कुकरच्या शिट्ट्या मी एकटाच मोजत होतो. दिगूच्या लक्षात आलं असावं, कारण पेन्सिल तशीच धरून तो म्हणाला, "तसं न्हाई रं म्हणायचं मला..." मी नकाशाची घडी घातली. "चहा घेणार का?" असं विचारलं, आणि ते इतक्या थंडपणे विचारलं, की तो नको म्हणाला आणि उठला. त्याला पुढं काय म्हणायचं होतं ते मी ऐकून घेतलं नाही. मला लागलं होतं. जी गोष्ट मी रोज स्वतःला सांगत होतो, तीच त्यानं पेन्सिल तासता तासता सांगितली होती.

घर झालं. तो कामावर यायचा तेव्हा मी यायचो नाही. निरोप मिस्त्रीमार्फत. दगडी ओटा पाच फुटांचा झालेला बघून मी मिस्त्रीलाच म्हणालो, "चपलांना पाच फूट? एकट्याच्या कितीशा चपला असणार?" ओट्यावर घोंगडीही अंथरलेली होती. बूट काढायच्या जागेवर घोंगडी! याला शोभेचं वेड लागलंय म्हणून मी ती उचलून कपाटात कोंबली. घरभरणीला त्याला पत्रिका पाठवली, फोन केला नाही. आमच्याकडं याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. जवळच्या माणसाला नुसती पत्रिका म्हणजे, नाही आलात तरी चालेल. तो आला नाही. तो आला नाही याचाही मी पुढं राग धरला. असा मी माणूस.

मग मी वाट बघत राहिलो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. रोज फिरून आलो की त्या ओट्यावर बसायचो, बूट काढायला दोन मिनिटं लागतात तिथं अर्धा अर्धा तास. फाटकाकडं बघायचो. पेपर तिथंच वाचायचो. भाजीवाल्या बाईशी तिथूनच बोलायचो. संध्याकाळी धरणावरून वारा यायचा तेव्हाही तिथंच. कुणाचीही गाडी थांबली की मान वर व्हायची, आणि दिगू नाही हे दिसलं की मी पुन्हा पेपरात तोंड घालायचो. आतल्या दोन्ही खोल्या नीटनेटक्या होत्या. त्यांत मी फक्त झोपायचो आणि जेवायचो.

दिगू गेल्याला पाचेक आठवडे झाले असतील. दुपारी फाटकाची कडी वाजली. बाहेर कोंडाबाई उभ्या, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा भारा. त्या मुखेडच्या बुरूड. दिगूची बांबूची सगळी कामं त्याच करायच्या, आणि माझ्या ओसरीतली पश्चिमेची तट्टीही त्यांचीच. तिला भुंगा लागला होता. ओट्यावर रोज पिवळा भुगा पडायचा आणि मी रोज झाडायचो. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

"भाऊंनी सांगून ठिवलंतं," भारा उतरवत त्या म्हणाल्या. "पाऊस सरला की अमावस्येच्या टायमाला तोडलेला बांबू घे आन् नांदेडच्या साहेबांची तट्टी बदलून दे म्हणून. त्या बांबूला भुंगा लागत न्हाई. मला यायला उशीर झाला... भाऊच न्हाई ऱ्हायले." पदरानं तोंड पुसून त्या ओट्याच्या एका टोकाला बसल्या, कोयता काढला आणि जुन्या तट्टीचे बंद कापायला लागल्या. मी चहा टाकायला आत गेलो.

"साहेब, आलं टाकलं वाटतं," बाहेरून त्यांचा आवाज आला. "हितवर वास येऊन ऱ्हायला."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. स्वयंपाकघराची बुटकी खिडकी ओट्याच्या बरोबर पाठीशी उघडते. वर्षभर मी त्या घरात चहा करत होतो. बाहेर बसून मात्र कधी वास आला नव्हता, कारण मी बाहेर असताना आत चहा करायला कुणी नव्हतं.

चहा घेऊन बाहेर आलो. कोंडाबाईंनी ओट्यावर हात फिरवला आणि सहज विचारलं, "घोंगडी कुठं गेली हो? रुसायच्या जागंवर भाऊ घोंगडी टाकतेतच."

"ही चपला काढायची जागा आहे," मी म्हणालो.

त्या हसल्या. "कागदावर तसं लिव्हलं आसंल. साहेबाला राग यील म्हणले. मला म्हणले, कोंडाबाई, समद्यांची आत असती, ह्याची बाहीर करायची, दाराच्या तोंडाशी. येकटा मानूस. आत रुसून बसला तर कुणाला कळनार? बाहीर आसला म्हंजी येनाऱ्याला पैलं तोच दिसंल."

त्यांना वाटलं मला ठाऊक आहे, म्हणून त्या बांबू सोलत सोलत पुढं सांगत राहिल्या. "पोळ्याच्या आधी येऊन गेलो की आमी. मुखेडावरून मला गाडीत घेतलं, तट्टी बघू म्हणले. मला वाटलं, तट्टीसाठी कुनी येवढं येतंय का? पाय सुजलेले, गाडीतून उतरायला धरावं लागलं. तुमी नव्हते, कुलूप होतं. शेजारीबी कुनी न्हाई. हितं बसले तासभर."

पोळ्याच्या आधी मी पुण्याला लेकीकडं होतो. दहा दिवस. वर्षभरात घराला सलग कुलूप राहिलं ते तेवढेच दहा दिवस.

"फोन का नाही केला?" मी विचारलं.

"मी म्हणलं की, लावा फोन. तर म्हणले, नगं, फोनवर समजूत निघत नसती. सांगूबी नको त्याला, आपन फिरून येऊ." कोंडाबाईंनी कोयता खाली ठेवला. "ह्या अंगाला बसलेते, भिताडाकडल्या. मी म्हणलं, सरकून मधी बसा, पाय लांब होतेत. तर म्हणले, ती बाजू त्याची हाय."

समजूत काढणाऱ्याच्या अर्ध्या जागेवर तो तासभर बसला होता, सुजलेले पाय घेऊन, कुलपाकडं पाठ करून. डायलिसिसच्या मधल्या एका दिवशी. मी त्याला मधे कधी फोन केला असता, नुसता एकदा, तर... पण रुसलेला माणूस फोन करत नाही, असा माझा नियम होता. मी कोंडाबाईंसमोर रडलो. त्यांनी काही विचारलं नाही, हाक मारली नाही. थंड झालेला चहा पिऊन टाकला आणि नवी तट्टी बांधत राहिल्या. ऊन उतरल्यावर त्या मुखेडची गाडी गाठायला निघाल्या. फाटकाशी वळून म्हणाल्या, "घोंगडी टाका साहेब. दगड गार पडतो."

तट्टी अजून हिरवट आहे, बांबूचा कच्चा वास येतो. तिच्यातून येणारं ऊन ओट्यावर बारीक पट्ट्या पाडतं. दिगूनं ते कुठल्या महिन्यात कुठवर येईल हे नक्की लिहून ठेवलं असेल. कपाटातली घोंगडी मी काढली, झटकली, अंथरली. वहिनींना फोन केला आणि तो येऊन गेल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी घरी आले तर बरे दिसत होते. मला म्हणाले, मिल्याच्या घरी जाऊन आलो." 'भेटून आलो' म्हणाला नाही. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही.

बुटांसाठी मी आता फाटकाजवळ वेगळं फडताळ केलंय. ओट्यावर मी माझ्या अर्ध्या बाजूला बसतो. भिंतीकडची बाजू मोकळी ठेवतो, पेपरसुद्धा तिथं ठेवत नाही. राग केव्हाच गेलाय, आणि ज्याला सांगायचं तो नाही. रुसायला समोर माणूस लागतंय, हे त्याचं म्हणणं आता खरं झालंय. घोंगडी टोचते. तरी मी उठत नाही.